चंद्रभागाबाईंच्या जागी

मार्केट यार्डामागच्या त्या मसाल्याच्या कारखान्यात कोणी नोकरी सोडली की त्याचा सत्कार व्हायचा. शाल, नारळ, मालकांचे दोन शब्द. आणि लगेच, मालकांच्याच शेजारी बसवून, ऑफिसातल्या हेमाताईंनी विचारायचं: का सोडताय, काही तक्रार? आता खांद्यावर नवी कोरी शाल असताना तक्रार कोण करणार? सगळ्यांची कारणं घरगुती असायची. हेमाताई मान डोलवायच्या आणि फाइल मिटायच्या. स्वभावच भिडस्त, त्याला त्या तरी काय करणार.

पण वर्षभरात पाकिटं सील करणाऱ्या एकाच यंत्रावरच्या बाया एकामागून एक गेल्या, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. म्हणून त्याच यंत्रावरच्या चंद्रभागाबाई नोकरी सोडून निघाल्या त्या दिवशी हेमाताईंनी मालकांसमोर काहीच विचारलं नाही. सत्कार आटोपल्यावर त्या बाईंना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेल्या आणि वाटेत दोघी चहाला थांबल्या. 'का सोडताय' म्हटलं असतं तर सासूचं आजारपणच ऐकायला मिळालं असतं, एवढं त्यांना आता कळत होतं.

"तुमच्या जागी कोणाला बसवू? ती नवीन पूर्वा चालेल?"

चंद्रभागाबाईंनी कप खाली ठेवला. "पोरीला नका बसवू, ताई. तिथं कुणालाच नका बसवू."

मग सगळं बाहेर आलं. तापलेल्या पट्ट्यांपुढची जाळी सुपरवायझरने कधीच काढून ठेवली होती. जाळी असली की अडकलेलं पाकीट काढायला यंत्र थांबवावं लागायचं, आणि काम मागे पडायचं. आता बाया चालू यंत्रातच हात घालत होत्या. त्यांच्या आधी तिथे बसणाऱ्या निशाची बोटं तिथेच भाजून कायमची आखडली. सत्काराच्या वेळी ती शालीखाली हात लपवून बसली होती. लग्न ठरलंय म्हणाली, आणि हेमाताईंनी तिचं अभिनंदन केलं होतं. ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना, माधवरावांना, सगळं सांगितलं. माधवराव वाईट नव्हते, कायम घाईत मात्र होते. दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मग बसवू जाळी, म्हणाले. हे बोललं कोण, तेही विचारलं. हेमाताईंनी नाव सांगितलं नाही.

"मग तोवर मी बसते तिथे," त्या म्हणाल्या.

मालकांना थट्टा वाटली. पण हेमाताई खरोखरच गेल्या आणि सुपरवायझरने तिथे बसवलेल्या पूर्वाला उठवून यंत्रासमोर बसल्या. मालक त्यांची समजूत घालायला मागोमाग आले. तेवढ्यात एक पाकीट अडकलं. हेमाताईंनी हात आत घातला.

"हात काढा, हेमाताई. आधी यंत्र बंद करा." मालकांचा आवाज चिरकला होता.

यंत्र थांबलं. बाया काम सोडून मालकांकडे बघत राहिल्या. हात काढा, असं त्या खोलीत आजवर त्यांच्यापैकी कोणालाच कोणी म्हटलं नव्हतं.