उतार विचारणारे चाचा

"उतार कोन्ता लागते?"

गाडी कसलीही असो, ढाणकीचे आमचे मिस्त्री चाचा पहिला प्रश्न हाच विचारायचे. बाकीचे मिस्त्री ॲव्हरेज विचारतात, भरती किती ते विचारतात. तुम्हीही तेच ऐकलं असेल. चाचा फडक्याला हात पुसत उतार विचारायचे, आणि आम्ही गाडीवाले त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

माझ्या पिकअपच्या मागच्या एक्सलमधली क्राउन-पिनियनची दातेरी जोडी झिजली, तेव्हा चाचांनी मागची दोन्ही चाकं उचलली. टायरवर खडूची रेघ ओढली आणि चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजलं.

"याच्यात पळनारी जोडी बसते, अन् धरनारी बी बसते. शाफ्ट जास्त फिरला का गाडी हळू जाते, पन उतारावर इंजिन तिले धरून ठेवते. तू पुसदचा घाट उतरतं. धरनारी टाक."

"चाचा, बाजार उठल्यावर पोचू का मी?"

"चढावर गाडी थकते, बाप्पा. उतारावर मानूस मरते."

मी हसलो. लोहारा गावी दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन पळणारी जोडी बसवून आणली आणि चाचांना पत्ता लागू दिला नाही.

महिन्याभराने सोयाबीनचे कट्टे भरून निघालो, तर चाचाच शेजारी येऊन बसले. त्यांना पुसदहून सामान आणायचं होतं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्येही गाडी आवरेना. ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल पायाखाली मऊ पडलं. समोर वळण, त्यापलीकडे दरी. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. तोंडातून नुसतं "चाचा, चाचा" निघत होतं.

चाचांनी मागच्या एक्सलचा आवाज क्षणभर ऐकला आणि त्यांना सगळं कळलं. गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "पयल्यात टाक. हँडब्रेक हळूहळू ओढ. आता डाव्या अंगानं मातीले घास."

दरडीला घासत, धुळीत गाडी थांबली.

खाली उतरून चाचा रस्त्यातच बसले. त्यांची दाढी थरथरत होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मी लय घाबरट हाय रे," ते म्हणाले. "म्हनून तर उतार इचारतो."

पुढे धरणारी जोडी त्यांनीच बसवली. काहून लपवलं, हे एकदाही विचारलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

मागल्या वर्षी चाचा गेले. तेव्हापासून घाटाच्या माथ्यावर रिकाम्या सीटकडे नजर गेली की माझे तळहात ओले होतात. शेवटी गाडी विकायला काढली. परवा एक गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरून त्याने विचारलं, "पळते किती?"

"उतार कोन्ता लागते तुले?" मी म्हणालो.

तो हसला, अगदी मी हसलो होतो तसाच. पुढे केलेली चावी मी परत खिशात टाकली.