पूजाच्या स्वप्नातलं पाणी

"मावशी, जरा हळू बोला. पलीकडं समदे झोपलेत," पूजा कुजबुजली.

मी आवाज खाली घेतला. चाकणजवळच्या कुरुळीतल्या या खोल्यांमध्ये दुपारीच रात्र असते बघा. रात्रीच्या तिसऱ्या शिफ्टची माणसं खिडक्यांना चादरी लावून झोपतात. कूलर घुमत असतात, पत्रा तापत असतो, आणि बोळातून जाताना आपण कुणाच्या तरी झोपेतूनच चाललोय असं वाटतं. मी इथली नर्स. इतकी वर्षं झाली, पण दुपारच्या व्हिजिटला अजून तसंच वाटतं.

पूजा गोदाकाठची. इथे वायर हार्नेसच्या कंपनीत, म्हणजे गाड्यांसाठी वायरींचे जुडगे बांधतात तिथे, कॉन्ट्रॅक्टवर. सातवा महिना. पहिली शिफ्ट करून नुकतीच आली होती.

"कालपासून पोट मधूनच दगडासारखं होतंय," ती म्हणाली. "बाळ फिरत असंल ना?"

मी पोटावर हात ठेवून बसले. पोट घट्ट झालं, सैल झालं, पुन्हा घट्ट. बाळ फिरलं की एका बाजूला उंचवटा येतो. इथे अख्खं पोट आवळत होतं. वेळेआधीच्या कळा. सातव्यात बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. तेव्हा बाहेर आलं तर श्वासासाठी झगडतं, कधी हरतंही.

पण कारण काय? बीपी वाढलेलं, रक्त कमी, वय कोवळं, आधीचं बाळ गेलेलं, अशा बाईला आम्ही जोखमीची माता म्हणतो. पूजाकडे यातलं काही नव्हतं. मिशरीसुद्धा लावत नव्हती.

"झोप लागते का गं?"

"लागती की. रोज एकच सपान. गोदावरीत कमरेइतकी उभी हाय अन् वंजळीनं पाणी पितेय. पितेय, पितेय, मनच भरंना."

दारात घरमालकीण सोनाबाई मटकी निवडत होत्या. "पान्याचं सपान म्हंजे पोरगीच," त्या म्हणाल्या. "आमच्यात तसंच म्हनत्यात."

खरं सांगते, मीही त्या नदीत रमले. पूजा सांगतच अशी होती, की पायाला गार वाळू लागावी. मग ती उठली, डब्याच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दारातल्या तुळशीला ओतली. काठोकाठ भरलेली.

"ही कधी भरलीस?"

"सकाळी, निघताना."

"आणि कंपनीत काय प्यालीस?"

"काई नाय. लाइन चालू असती, मावशी. उठायचं तर रिलिव्हर लागतो, आपल्या जागी उभा राहणारा. तो एकच. दोनदा उठलं की पोरी म्हणत्यात, निघाल्या राणीसरकार फिरायला! मग मी पीतच नाय. म्हंजे जायलाच नको."

"लघवीला जळजळ?"

तिने सोनाबाईंकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली.

"अगं मंग बोलायचं व्हतं की!" सोनाबाई कुजबुजतच ओरडल्या.

"कंपनीत कळलं तर घरी बसवतील."

पाणी कमी आणि लघवी धरून ठेवलेली, की आत जंतू वाढतात. गरोदरपणी ताप न येताही वाढतात, आणि गर्भपिशवीला चाळवतात. मी रिक्षा बोलावली.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी लघवी तपासायला दिली. "इन्फेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "ठेवून घेते. पण सिस्टर, कळा थांबतीलच असं नाही." सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शन दिलं.

मी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पोटावर ठेवलं. आतून आवाज आला, ओल्या वाळूवरून इवली पावलं पळावीत तसा. पूजा डोळे मिटून ऐकत राहिली. वॉर्डातला पंखा, बाहेरचे ट्रेलर, सगळं लांब गेलं. दुसऱ्या दिवशी कळा विरळ झाल्या. मग थांबल्या.

ती विश्रांतीनंतर कामावर जायची होती, म्हणून मी आधी सुपरवायझरला गाठलं.

"टॉयलेटला कुणी अडवत नाही हो इथं," तो म्हणाला.

"नाही अडवत. पण तिची जागा लाइनच्या मधोमध. ती उठली की सगळ्यांचं काम अडतं. तिला कडेला घे."

"कडेला पॅकिंग आहे."

"मग पॅकिंग करेल."

त्याने मान खाजवली. "बरं, करतो. तुम्हीच का नाही लागत कंपनीत? चांगली लाइन चालवाल."

"नको रे बाबा. या वयात मला तुझे दोन रिलिव्हर लागतील."

तो हसला, पण जागा बदलली. पूजा बाळंत झाली ती नऊ महिने भरल्यावर. मुलगा, चांगला वजनदार, आल्याआल्या दवाखाना डोक्यावर घेणारा.

गरोदर बाईला काय खाल्लं हे सगळे विचारतात. मी आता आधी विचारते, आज लघवीला कितीदा गेलीस? पोरी तोंडाला पदर लावून हसतात. ज्या हसत नाहीत, त्यांच्याकडे मी थोडा वेळ जास्त बसते.