शेरी घातलेलं सरबत

आमच्या घरात दारूचा विषय निघाला की आप्पा खुर्चीत ताठ बसत. आप्पा म्हणजे माझे वडील. पोस्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत राहणारे, आणि आयुष्यात दारूचा थेंबही न घेतलेले. यातली शेवटची गोष्ट ते कोणालाही, कुठेही, न विचारता सांगत. रिक्षावाल्यालासुद्धा. माझे आजोबा लोणी काळभोरला असताना मिळेल ती प्यायचे आणि घरातलं होतं नव्हतं ते त्यापायी गेलं. पुढे आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, पण बाटली काही सुटली नाही. म्हणून नशा न करण्याचं पाचवं शील आप्पांनी दोघांच्या वाटचं पाळलं. ऑफिसातल्या निरोपसमारंभांना ते सोड्याची बाटली धरून बसत आणि झिंगलेल्या सोबत्यांना स्कूटरवरून घरी पोचवत. लहानपणी मला त्यांचा अभिमान वाटायचा. कॉलेजात गेल्यावर कंटाळा यायला लागला. खराडीला नोकरी लागल्यावर त्यांची लाज वाटायला लागली. आता लाज वाटते ती माझी.

खराडीत तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या टीममध्ये महिन्यातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या घरी बसणं व्हायचं. पहिलं वर्षभर मी थंड पेय घेऊन कोपऱ्यात बसले. मग कोणीतरी म्हणालं, ‘ही काय आपल्यावर लक्ष ठेवायला येते का?’ आणि पुढच्या खेपेला मी ग्लास हातात घेतला. जबरदस्ती कोणी केली नव्हती. मला त्यांच्यातली व्हायचं होतं, एवढंच. चव आवडत नव्हती, पण ग्लास धरायला छान जमायला लागलं.

कर्ज काढून मी खराडीतच फ्लॅट घेतला तेव्हा एकाच दिवशी दोन कार्यक्रम ठरवले. सकाळी नातेवाइकांसाठी बुद्धवंदना आणि जेवण, संध्याकाळी ऑफिसच्या लोकांसाठी पार्टी. आई-आप्पांना म्हणाले, ‘संध्याकाळी सगळे इंग्रजीत बोलतील, तुम्ही उगाच कंटाळाल.’ आई म्हणाली, ‘बरं.’ आप्पा म्हणाले, ‘आम्ही आहोतच कंटाळवाणे,’ आणि हसले. मीही हसले. खरं तर ते संध्याकाळी तिथे नकोच होते मला.

सकाळी भंतेजी आले. हॉलमध्ये बुद्धमूर्ती मांडली होती. परित्राणपाठ झाला, आणि पाठाच्या वेळी सगळ्यांच्या हातातून फिरवलेला पांढरा दोरा भंतेजींनी प्रत्येकाच्या मनगटाला बांधला. मलाही बांधला. पाचही शीलं मी इतरांबरोबर मोठ्यानं म्हटली. पाचव्याला आप्पांचा आवाज नेहमीप्रमाणे चढला, तेव्हा मी जमिनीकडे बघत होते, कारण फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळून शेरीची बाटली ठेवली होती.

ती बाटली माझ्या मॅनेजरनं परदेशातून आणून दिली होती. शेरी म्हणजे द्राक्षांचीच, वाइनपेक्षा जराशी कडक. मला पार्टीत पिना कोलाडा करायचा होता. अननसाचा रस, नारळाचं दाट दूध, बर्फ आणि रम, असा त्याचा सरळ हिशोब. पण त्या घरात, त्याच दिवशी, रम ओतायला माझा हात धजेना. मग इंटरनेटवर शोधताना कळलं की रमच्या जागी शेरी घालूनही तो करतात आणि नशा निम्म्याहून कमी होते. मला फार बरं वाटलं. रम म्हणजे दारू, शेरी म्हणजे जवळजवळ द्राक्षाचा रस, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपल्या धर्मात मध्यम मार्ग सांगितलाच आहे, असा एक फालतू विनोदही मनातल्या मनात करून घेतला. मला माझा विनोद आवडला होता, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी विळीवर चार नारळ खवले, मिक्सरमधून काढून फडक्यातून दूध पिळलं. अननसाचा रस गाळला. शेरी ओतली तर चवच लागेना, म्हणून आणखी ओतली. सौम्य असल्यामुळे जास्त घालावी लागते, हे कुठल्या पानावर लिहिलं नव्हतं. बदामासारखा मंद वास आला आणि नारळात विरून गेला. लिंबू पिळलं, चाखून बघितलं. कोणालाही सरबतच वाटलं असतं. मग हॉलमधली मूर्ती उचलून मी बेडरूममधल्या टेबलावर नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं.

सात वाजता बेल वाजली. ऑफिसचे सगळे येऊन तासभर झाला होता, गप्पा रंगल्या होत्या. दार उघडलं तर आप्पा. उन्हाळ्याचे दिवस, दोन बस बदलून आलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. सकाळी खिरीसाठी विहारातून आणलेलं मोठं पातेलं इथेच राहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विहारात कोणाच्या तरी कार्यक्रमाला ते लागणार होतं. फोन करून मला सांगता आलं असतं. पण मुलीला कामाला लावायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम.

‘पातेलं घेतो आणि लगेच निघतो,’ ते दारातच म्हणाले. मग आत बघून म्हणाले, ‘मूर्ती कुठंय गं?’

‘आत ठेवलीय. गर्दीत धक्का लागला असता.’

‘बरं केलंस.’

तेवढ्यात मॅनेजर उठून आला. दिल्लीकडचा, मोकळा, मोठ्यांना मान देणारा माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला, आप्पांना सोफ्यावर बसवलं आणि एक भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला. ‘अंकल, लीजिए. आपकी बेटी ने बनाया है.’ त्याला वाटलं, तो माझ्या वडिलांचा सन्मान करतोय. त्याची काहीच चूक नव्हती.

आप्पांनी ग्लास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ‘काय आहे हे?’

माझ्याही हातात तसाच ग्लास होता. दोघांच्या मनगटांवर सकाळचे दोरे होते. आप्पा, तुमच्यासाठी नाही ते, एवढंच म्हणायचं होतं. आत स्वयंपाकघरात नुसता अननसाचा रस तांब्याभर उरला होता. दोन पावलं जाऊन आणायचा होता. पण तसं म्हणाले असते तर माझ्या हातात काय आहे ते आप्पांना कळलं असतं. आणि मग ते उभे राहिले असते आणि विहारात बोलतात तसे सगळ्यांसमोर बोलले असते, त्यांच्या मराठीत आणि मोडक्या हिंदीत. टीमनं माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला आत्ताच दिसत होतं. सगळा विचार एका श्वासात झाला. इतक्या वेगानं मी ऑफिसातही कधी डोकं चालवलं नव्हतं.

‘अननसाचं सरबत,’ मी म्हणाले. ‘नारळाचं दूध घातलंय.’

त्यांनी घटाघटा अर्धा ग्लास संपवला. तहान लागली होती त्यांना. रम असती तर वासानंच त्यांनी ग्लास खाली ठेवला असता. तो वास ते लहानपणापासून ओळखत होते. मी शेरी घातली म्हणून ते फसले. माझ्या सौम्यपणानंच घात केला.

‘छान झालंय,’ ते म्हणाले. ‘शेवटी जरा कडवट लागतंय.’

‘अननसाचा दांडा गेला असेल वाटताना.’

‘दांडा काढायचा असतो,’ आप्पा टीमकडे बघून म्हणाले. ‘एवढं शिकवलं, पण अननस चिरायला शिकवायचं राहिलं.’ सगळे हसले. आप्पांना ते आवडलं. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला. ‘अर्धा दे अजून.’

आणि मी दिला. पहिला ग्लास मॅनेजरनं दिला होता, असं मी स्वतःला सांगू शकते. दुसरा मी माझ्या हातानं ओतला. वर बर्फाचे दोन खडेही टाकले.

पातेलं डोक्यावर धरून ते निघाले तेव्हा त्यांचा चेहरा जरा लाल झाला होता. ‘ऊन बाधलं वाटतं,’ म्हणाले. मी रिक्षा करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. मी खाली बसस्टॉपपर्यंतसुद्धा गेले नाही. घरात पाहुणे होते ना. दार लावून परत आले तर एकजण म्हणाली, ‘किती गोड आहेत गं तुझे बाबा.’

त्यानंतर कितीदा तरी सांगायचं ठरवलं. पण सांगून काय होणार होतं? त्यांच्याजवळ ना स्वतःचं घर, ना पैसा, ना मोठं पद. तेवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मभर मिळवली होती, आणि ती मी पार्टीत शोभा होऊ नये म्हणून घालवली होती. सांगितलं असतं तर त्यांना ती गेल्याचं कळलं असतं, एवढाच फरक. असं म्हणून मी गप्प राहिले. हा विचार त्यांच्यासाठी होता की माझ्यासाठी, हे मला नक्की माहीत आहे. माझ्यासाठी.

पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारात दर रविवारी वंदनेनंतर कोणीतरी बोलायचं. एका रविवारी आप्पांचा नंबर होता आणि विषय अर्थातच व्यसन. आईनं आग्रह केला म्हणून मी गेले. आप्पा नेहमीचंच बोलले. आजोबा, लोणी, मग स्वतःचं. ‘मी एक थेंब घेतलेला नाही,’ म्हणाले, तसा मागच्या रांगेतला एक तरुण बोलला, ‘काका, असं सगळेच सांगतात. बघायला कोण येतंय?’ तो पिऊन धिंगाणा घालतो, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं त्याचा हात ओढला.

आप्पा चिडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘माझी मुलगी बसलीय तिथं. इंजिनिअर आहे. बापाचीसुद्धा भीड ठेवत नाही ती. तिला विचारा.’

सगळ्या माना वळल्या. मी उठले. समोर मूर्ती होती, बाजूला आप्पा, आणि तो तरुण माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘खरं आहे,’ मी म्हणाले. ‘मी कधीच बघितलं नाही त्यांना घेताना.’

कार्यक्रम संपल्यावर तो तरुण पुढे आला आणि आप्पांसमोर बसून त्यानं शीलं घेतली. त्याची आई तोंडाला पदर लावून रडत होती. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले. मला ते सोडवून घ्यावेसे वाटले, पण घेता आले नाहीत.

परतताना आप्पा माझ्या गाडीत होते. येरवड्याच्या सिग्नलला म्हणाले, ‘आज तू बोललीस म्हणून झालं. माझं एकट्याचं कोण ऐकतंय? पुढच्या रविवारीही ये.’

मी ‘येते’ म्हणाले. आणि गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. आप्पा दर वेळी माझ्याकडे बोट करायचे आणि मी दर वेळी उठून उभी राहायचे.