तांदळाच्या डब्यातला रिपोर्ट

जुनं लेथ मशीन घेताना मी मालकाच्या बोलण्यावर कधी गेलो नाही. गंजावर नख फिरवायचं, तो वरवरचा आहे की आत उतरलाय ते स्वतः बघायचं. अंबडमधला माझा जुन्या मशिनांचा धंदा त्यावरच उभा राहिला. आणि माझ्याच अन्ननलिकेतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट बायकोने चार दिवस तांदळाच्या डब्यात लपवला! डॉक्टरांनीही तिलाच बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

पित्तासाठी दुर्बीण घातली, तेव्हा नळीत काहीतरी दिसलं म्हणून तो तुकडा काढला होता. मी भात टाकायला डबा उघडला आणि कागद हाती लागला. तसाच दवाखाना गाठला. मागोमाग बायको रिक्षाने.

डॉक्टर तरुण बाई. म्हणाल्या, "काका, कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. याचे मुख्य प्रकार दोन. एक नळीच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा, त्याचा धोका तंबाखू-दारूने वाढतो. दुसरा ग्रंथींच्या पेशींचा, तो वर्षानुवर्षं पित्त वर येणाऱ्यांना जास्त होतो."

"माझा दुसरा," मी लगेच म्हणालो. "लग्नापासून पित्त आहे."

"तुमचा पहिला."

"पुन्हा बघा की जरा. मधलं काहीतरी निघेल."

बायकोने पर्समधून तंबाखूची पुडी काढून टेबलावर ठेवली. "बेअरिंगच्या खोक्यात होती. वीस वर्षांपूर्वी सोडली म्हणे!"

मी भडकलो. "बरं, प्रकार तुम्ही म्हणाल तो. गंज वरचा आहे की आत गेलाय, ते बोला!"

डॉक्टर हसल्या. "खरा प्रश्न हाच. प्रकाराने फरक पडतो, पण इतक्या लवकर सापडल्यावर खोली जास्त महत्त्वाची. वरच्याच थरात असेल तर दुर्बिणीतून काढता येतो, आणि बहुतेक लोक पुढे चांगले राहतात. खोल गेला असेल तर मोठं ऑपरेशन. काढलेला भाग तपासल्यावरच नक्की कळेल."

"तो रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा. तरच झोपतो टेबलावर."

"आणि पुडी माझ्याकडे," बायको म्हणाली.

दुर्बिणीतून तो भाग काढला आणि त्याचा रिपोर्ट मीच आणला. वरच्याच थरात होता, कडा आणि तळ स्वच्छ, म्हणजे सगळा निघाला. पण हिशेब चुकता करायचा होता. तोंड पाडून घरात शिरलो आणि ती देवापाशी असताना कागद तांदळात खुपसला. चार दिवस राहू दे तिथंच!

ती उठली, माझ्याकडे एकदा बघितलं, सरळ डबा उघडला. उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि पदराने डोळे पुसले.

"अहो, लपवायचाच होता तर बेअरिंगच्या खोक्यात ठेवायचा," ती म्हणाली. "तिथं आता जागा झालीय."