धूपगडाच्या वाटेवरची हाक

धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी तिच्या रंगाचा वाटायचा, लग्नानंतर तिच्या संसाराचा. आमचे हे काही वाईट नव्हते. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळच्या शाळेत मास्तर, स्वभावाने शांत, पगार आईच्या हातात देणारे. तिचा नवरा नेपानगरच्या कागद कारखान्यात होता. रविवारी तो तिला घेऊन जंगलात भटकायचा आणि ती भेटली की मला तेच सांगत बसायची.

आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात आलं, त्याच हिवाळ्यात त्या दोघांनी पचमढीचा बेत काढला आणि आम्हालाही ओढलं. आम्ही बुऱ्हाणपूरला गाडीत बसलो, ती दोघं नेपानगरला चढली. तिच्या पायांत, पातळाखाली, कॅनव्हासचे बूट होते. डब्यातल्या बायका टकमक बघत राहिल्या. मीही नाक मुरडलं, पण माझी नजर काही त्या बुटांवरून हलेना.

पचमढीचं जंगल संपता संपत नाही. डोंगरामागे डोंगर आणि मध्ये छाती दडपून जाईल अशा दऱ्या. पहिल्याच सकाळी एका दरीच्या काठावर बहिणीने तोंडाशी हात धरून नवऱ्याला हाक मारली. नुसतं नाव, मागे राव नाही की पंत नाही. दरीने ते परत दिलं, मग पुन्हा, जरा लांबून. त्याने हसून तिचं नाव दरीत टाकलं. दोघांची नावं खाली शिवाशिवी खेळत होती आणि इकडे माझा नुसता जळफळाट होत होता.

उखाणा सोडला तर यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. घरात "अहो", पाहुण्यांसमोर "ऐकलं का". बहीण म्हणाली, "एकदा घेऊन तर पाहा वं, ताई." मी यांच्याकडे पाहिलं. हे दरीकडे पाठ करून, आता पगाराचा हुकूम नागपूरहून येणार की भोपाळहून, याचा खल तिच्या नवऱ्याशी करायला त्याची वाट बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी धूपगड चढायला निघालो. हे नेहमीसारखे पुढे. आमच्याकडे बाजारात काय नि देवळात काय, नवरा पुढे आणि बायको मागे. पण बाजारात माणूस हरवत नाही. इथे प्रत्येक वळणावर यांची टोपी दिसेनाशी व्हायची. बहिणीचा नवरा मात्र तिच्या मागून चालायचा, घसरली तर धरता यावी म्हणून. मला तेवढंही नको होतं. यांनी एकदा मागे वळून बघावं, मी आहे की नाही ते, एवढंच हवं होतं.

निम्म्या चढणीवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बहीण आणि तिचा नवरा मागे कुठेतरी पाखरं बघत रेंगाळले होते. मी "अहो" म्हणून हाक मारली. पुढे चाललेल्या दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याने वळून पाहिलं. पुन्हा मारली, तर तोच गृहस्थ थांबला आणि त्याच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की बस. हे चाललेच होते. मग मात्र माझं डोकं फिरलं. चप्पल हातात घेतली आणि सगळा जोर लावून यांचं नाव घेतलं. पुरतं नाही, घरी यांची आई ज्या नावाने हाक मारते ते अर्धं, लाडाचं.

डोंगराने ते दोनदा म्हटलं. हे जागच्या जागी थांबले. हातातली विडी झुडपात फेकली, टोपी सारखी केली आणि गर्रकन वळून म्हणाले, "हां आई, आलो."

सासूबाई तेव्हा तिकडे शनवाऱ्यातल्या घरी होत्या. वाटेवर मीच होते, हातात तुटकी चप्पल घेऊन. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि मग खाली वाकून विडी शोधू लागले.

बहिणीचा हेवा तिथेच सुटला, आता तो दुसरीचाच वाटू लागला. घरी पोचलो, तर आतून सासूबाईंनी तीच हाक मारली, अगदी हळू, बसल्या जागेवरून. यांनी ओझं माझ्या हातात दिलं आणि आत गेले.