फोनवरून मशीन ओळखणाऱ्या बहुतेकताई

बहुतेकताईंनी आयुष्यात एकही वॉशिंग मशीन स्वतःच्या हाताने उघडलं नव्हतं. पाना कुठल्या बाजूने फिरवायचा हेसुद्धा त्यांना क्षणभर आठवावं लागे. तरी दुरुस्तीच्या त्या दुकानातले तिन्ही कारागीर सकाळी पिशव्या भरायच्या आधी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहत आणि विचारत, "ताई, आज काय काय घेऊ?" कुठल्या घरी पंप लागणार, कुठे दाराचं रबर आणि कुठे नुसता पट्टा घसरलाय, हे ताईंना फोनवरच कळलेलं असे.

त्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. भिंतीला टेकवलेल्या जुन्या मोटरी, एका मोडक्या ड्रममध्ये ठेवलेल्या छत्र्या, खिडकीशी टेबल, टेबलावर फोन आणि तक्रारींच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. खुर्चीवर नवऱ्याने कोटाच्या उरलेल्या कापडातून शिवलेली उशी. या खुर्चीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. समोरचा माणूस काकुळतीला येऊन सांगायचा, ताई चार प्रश्न विचारायच्या आणि म्हणायच्या, "पंप. बहुतेक." छातीठोकपणे त्या कधी बोलल्याच नाहीत. त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि गिऱ्हाइकांपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना बहुतेकताई म्हणू लागले.

सवय जुनीच होती. तरुणपणी गल्लीतल्या शिंप्याने धीर करून त्यांना विचारलं होतं, "माझ्याशी लग्न करशील?"

"बहुतेक," त्या म्हणाल्या.

शिंपी तीन दिवस कापड वाकडं कापत राहिला. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, "बहुतेक म्हणजे शंभरात किती?"

"नव्वद."

"आणि उरलेले दहा?"

"ते तुझ्या मोठ्या बहिणीवर आहे."

लग्न झालं, चांगलं झालं. मोठ्या बहिणीशी, म्हणजे ताईंच्या नणंदेशी, मात्र आठ वर्षांपूर्वी बिनसलं, आणि तेही वॉशिंग मशीनवरून. नणंदबाईंचं मशीन कपडे पिळायला लागलं की थडथड हादरत पुढे सरकायचं. त्यांनी भावजयीला फोन केला. त्या दिवशी ताईंना सकाळपासून उसंत नव्हती. त्या म्हणाल्या, "वन्सं, गादीत कापूस भरावा तसे कपडे कोंबता, मग मशीन नाचणार नाही तर काय?" पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. तेव्हापासून बोलणं होतं, पण मोजून मापून. मशीनचा विषय दोन्ही घरांत कुणी काढत नसे.

एके दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. मशीन मधेच थांबलंय, पाणी आतच आहे, दार उघडत नाही.

"पाणी बाहेर टाकायच्या वेळी गुरगुर येते का?" ताईंनी विचारलं.

"येते. पण पाणी हलत नाही."

"म्हणजे पंपाला वीज मिळतेय, पण तो अडकलाय. बाई, तुम्ही शिकवता का?"

"हो, कॉलेजात. का?"

"तुम्ही वाक्य संपलं की लिहून घ्यायला वेळ देता. बरं, कपड्यांचे खिसे तपासून धुता?"

"नेहमीच नाही."

"मग पेनाचं टोपण. बहुतेक."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच बाई जिना चढून आल्या आणि त्यांनी ताईंच्या टेबलावर निळं, चावल्यासारखं दिसणारं एक टोपण ठेवलं. "तुमच्या कारागिराने पंपातून काढलं," त्या म्हणाल्या. "मी गणित शिकवते. शक्यतांचं गणित. तुम्ही हे कसं केलंत ते मला सांगाल का?"

ताई ओशाळल्या. "त्यात काय सांगायचं मॅडम? ऐकून ऐकून कळतं."

"मी वीस वर्षं मशीन वापरतेय, मला नाही कळलं." मॅडमनी खुर्ची ओढली. "आमच्या शास्त्रात याचं चित्र काढतात. प्रत्येक गोष्टीला एक गोल. एका गोष्टीमुळे दुसरी होत असेल तर पहिलीकडून दुसरीकडे बाण. तुमच्या डोक्यात असं अख्खं जाळं आहे. मला ते कागदावर बघायचंय."

मालकांना कल्पना पसंत पडली. ताई सुट्टीवर गेल्या की फोनवर काय बोलायचं हे त्यांना कधीच सुचत नसे. दर बुधवारी दुपारी फोनचं काम धाकट्या कारागिराच्या बायकोकडे द्यायचं आणि ताईंनी मॅडमबरोबर बसायचं असं ठरलं. शिंप्याने कापडाचे नमुने कापायचा भलामोठा कागद दिला. ताईंनी तो मागच्या टेबलावर पसरला, पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिला बाण काढला: 'फरशीवर पाणी'कडून 'रबर फाटलं'कडे.

"ताई, फरशीवर पाणी सांडलं म्हणून रबर फाटलं का?"

ताईंनी जीभ चावली. "उलटं झालं की! पण फोनवर मला पाणीच आधी कळतं हो."

"तुम्हाला कळतं ते परिणामाकडून कारणाकडे. घडतं ते कारणाकडून परिणामाकडे. बाण घडण्याप्रमाणे काढायचा. उलट दिशेने जाणं ते गणिताचं काम."

दुसऱ्या बुधवारी भांडणच झालं. ताईंनी काढलं: हादऱ्यांमुळे मशीनचे पाय सैल होतात, आणि पाय सैल झाल्यामुळे हादरे वाढतात. बाण फिरून पुन्हा आपल्याच गोलात घुसला. मॅडम म्हणाल्या, "असं चक्र चालत नाही. कुठलीही गोष्ट फिरून स्वतःचंच कारण होऊ शकत नाही."

"तुमच्या कागदावर चालत नसेल. लोकांच्या न्हाणीघरात रोज चालतं!"

मॅडम हसल्या आणि बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. मग त्यांनी एकाचे दोन गोल केले: 'आजचे हादरे' आणि 'पुढच्या महिन्याचे हादरे'. आजच्यामुळे पाय सैल, सैल पायामुळे पुढच्या महिन्याचे. चक्र सुटलं. ताईंनी कागद जरा लांब धरून पाहिला. "हे मात्र झकास," त्या म्हणाल्या, आणि मॅडमना चहाबरोबर स्वतःच्या डब्यातला खाऊ पहिल्यांदा काढून दिला.

काही गोष्टी तर ताईंना आधीपासूनच पाठ होत्या, फक्त त्यांना शास्त्र म्हणतात हे माहीत नव्हतं. ड्रममधून खडखड येत असेल तर दोन संशयित: बेअरिंग गेलं किंवा आत काहीतरी अडकलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, केसांची पिन सापडली," की बेअरिंगवरचा संशय आपोआप उतरतो, बेअरिंगला कुणी हात न लावता. तसंच मजल्याचं. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर कमी, म्हणून मशीन भरायला वेळ लागतो. ताई दोन्ही विचारायच्या: कितवा मजला, आणि नळाची धार कशी. मॅडमनी दाखवलं की धार कळल्यावर मजला कळून काही वाढत नाही. मजल्याचा जो काही परिणाम, तो धारेतूनच येतो. ताईंनी हिशेब केला: सव्वीस वर्षं, रोज वीसेक फोन. "म्हणजे मी लोकांचे मजले उगीचच विचारत बसले!"

मग आकडे भरायची वेळ आली आणि ताई अडून बसल्या. "शंभरात किती असं मला नाही सांगता येत. मनात काटा हलतो एवढंच."

तोडगा घरून आला. शिंप्याने बटणांची बरणी दिली. "लग्नाच्या वेळी नव्वद सांगितलं होतंस बरोबर," तो म्हणाला. मॅडमनी शंभर पांढरी बटणं मोजून टेबलावर ओतली. "ही शंभर घरं. सगळ्या घरांत मशीन हादरतंय. किती घरांत कपडे कोंबल्यामुळे हादरतंय? तेवढी बाजूला सरकवा."

आता ताईंचा हात झरझर चालला. साठ बटणं डावीकडे गेली. वीस पाय सैल असलेल्यांची. उरलेली वीस शॉकरची, म्हणजे ड्रमचे हिसके पोटात घेणारे जे दांडे असतात ते झिजलेल्यांची. अशी एकेका बाणाची बटणं सरकवत दोन महिन्यांत जाळं पुरं झालं. छप्पन्न गोल होते.

मॅडम म्हणाल्या, "आता जुन्या चिठ्ठ्यांशी ताडून बघू." प्रत्येक चिठ्ठीवर वर ताईंचा अंदाज होता आणि खाली कारागिराने प्रत्यक्षात काय सापडलं ते लिहिलेलं. पंप, पट्टा, रबर, बेअरिंग, सगळीकडे ताईंची बटणं आणि चिठ्ठ्या इतक्या जुळत होत्या की मॅडम अधूनमधून नुसत्याच मान हलवायच्या. मग हादऱ्यांचा गठ्ठा निघाला. एकशे चाळीस चिठ्ठ्या. कपडे कोंबल्यामुळे: एकवीस. शॉकर: नव्वद.

ताईंनी गठ्ठा स्वतः पुन्हा मोजला. एकवीसच.

"पण मी विचारलं की लोक कबूल करतात हो! 'कपडे जास्त घालता का?' 'हो ताई, घालतो.' दहातले सहा जण!"

"आणि ज्यांची मशीनं हादरत नाहीत ते?"

"ते मला कशाला फोन करतील?"

"तेच तर," मॅडम हळूच म्हणाल्या.

पुढचा महिनाभर कारागीर दुसऱ्याच बिघाडासाठी ज्या घरांत गेले, तिथेही त्यांनी हा प्रश्न विचारला. ज्यांचं मशीन मांजरासारखं गप्प फिरत होतं, त्यांच्यातलेही दहातले सहा जण कपडे कोंबत होते. सगळेच कोंबत होते. ताई ज्याला पुरावा समजत होत्या, तो गावभर सारखाच पसरलेला होता. त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई घरी जाऊन चपला न काढताच खुर्चीत बसल्या. शिंप्याने शिलाईचं मशीन थांबवलं. "काय झालं?"

"अहो, जगभर 'बहुतेक, बहुतेक' करत फिरले. एका बाबतीत मात्र पक्की खात्री धरून बसले, आणि तीच चुकीची."

"कुठली?"

"तुमच्या अक्कांच्या मशीनची."

शिंप्याने सुई उशीत खोचली आणि म्हणाला, "मी येत नाही. तू एकटीच जा."

रविवारी ताई नणंदेच्या घरी गेल्या. दार उघडंच होतं. न्हाणीघरातून धडधड ऐकू येत होती. ताईंनी डोकावून पाहिलं तर वन्सं वॉशिंग मशीनवर पाय सोडून बसलेल्या, हातात पेपर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर थरथरतोय.

"ये," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "पिळून होईपर्यंत मला उठता येत नाही. उठले तर हे दारापर्यंत चालत जातं."

"आठ वर्षं अशाच बसताय?"

"आठवड्यातून चारदा. पेपर वाचून होतो."

ताईंनी घसा साफ केला. "वन्सं, मी तेव्हा म्हटलं होतं की तुम्ही कपडे कोंबता. ते चुकलं माझं."

"काय? मोठ्याने बोल. मशीन चालू आहे."

"माझं चुकलं!"

"काय चुकलं?"

"तुमचा दोष नव्हता! मशीनचा होता!"

"शेजारी ऐकू गेलं का बघ," वन्सं म्हणाल्या आणि पेपराची घडी घातली. त्यांचे ओठ हलत होते ते मशीनमुळे की हसण्यामुळे, हे कळत नव्हतं.

मशीन थांबल्यावर ताईंनी त्यांना ड्रम हाताने खाली दाबून सोडायला सांगितलं. एकदा वर येऊन थांबतो की झुलत राहतो? झुलतच राहिला. चारही पाय फरशीला टेकलेले होते, एकही डगमगत नव्हता. "शॉकर," ताई म्हणाल्या.

"बहुतेक?" वन्संनी डोळे बारीक केले.

"शंभरात पंच्याण्णव."

सोमवारी थोरला कारागीर जाऊन शॉकर बदलून आला. झिजून पार काडी झाले होते, असं तो म्हणाला. संध्याकाळी वन्संचा दुकानात फोन आला, आठ वर्षांनी पहिला. "ऐक," एवढंच म्हणून त्यांनी फोन मशीनपाशी धरला. ताईंना नुसती घोंघों ऐकू आली, एका सुरातली. "ऐकलंस? जागचं हलत नाही. आता मी पेपर वाचायला बसू कुठे?"

जाळ्याचा कागद मालकांनी काच लावून भिंतीवर लावला. धाकट्या कारागिराच्या बायकोने त्यावरून पंधरा दिवसांत फोन घ्यायला शिकून घेतलं. हादऱ्यांच्या गोलापाशी पुसून पुन्हा लिहिलेले आकडे ताईंच्या हातचे आहेत. नवीन पद्धतीचं मशीन बाजारात आलं की त्या काच काढून घेतात आणि पेन्सिलीने एखादा बाण वाढवतात.

पुढच्या सत्रात मॅडमनी त्यांना कॉलेजात बोलावलं. वर्गात चाळीस मुलंमुली, पाठीमागे फळा, आणि ताईंच्या अंगात शिंप्याने शिवलेला नवा कोट. भाषण पाठ केलं होतं, पहिल्याच ओळीला विसरल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, आमच्या वसतिगृहाच्या मशीनमधून कपडे निघतात त्यांना वास येतो. काय बिघडलं असेल?"

"सगळ्याच कपड्यांना की फक्त टॉवेलना?" ताईंनी विचारलं आणि खडू उचलून फळ्यावर पहिला गोल काढला. "आणि धुऊन झाल्यावर कपडे किती वेळ आतच पडून असतात? खरं सांगा हं, मी रागावणार नाही."

वर्गात हशा पिकला. मग एकेकाने हात वर करून कबुली द्यायला सुरुवात केली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळ्यावर अकरा गोल होते, आणि 'गार पाणी'पासून निघालेला बाण नेमका कुठे न्यायचा यावरून पहिल्या दोन बाकांचं जोरात भांडण चाललं होतं. ताई त्यांच्यामध्ये उभ्या होत्या, कोटाच्या दोन्ही बाह्या खडूने पांढऱ्या झालेल्या.