पिनकोडसकट पत्ता

सुनीताचा लपवलेला पत्ता मी तिच्या नवऱ्याला पिनकोडसकट कळवला.

परवा राहू गावाच्या रस्त्यावर गुऱ्हाळाचा वास आला आणि ते सगळं पुन्हा आठवलं. मी तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला, मोफत सल्ला केंद्रात अर्ज लिहायचो. मारहाणीला कंटाळलेली सुनीता लेकीला घेऊन शिरूरजवळ मावशीकडे लपली होती. तिच्या पोटगीच्या अर्जात ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना रिकामा होता. रिकामा रकाना मला बघवत नसे. मी तो भरला, आणि अर्जाची प्रत कोर्टातून नवऱ्याला गेली.

दोन भावांना घेऊन तो मावशीच्या दारात आला, तेव्हा मी आणि केंद्रातल्या समाजसेविका शिंदेबाई सुनीताला भेटायला आलेलो, आतच होतो. मागच्या गुऱ्हाळाचा गोड धूर घरात भरला होता. बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे.

“वकीलसाहेब,” तो हसला, “अक्षर लई झ्याक हाय तुमचं. कुनाला इचारावं बी लागलं न्हाई.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं.

पोलिसांना फोन लावल्यावर तिघं भाऊ शिव्या देत गेले. सुनीता लेकीचं दप्तर भरू लागली. हा किस्सा मी वर्षानुवर्षं हसत सांगितला. हल्ली ते दप्तरच दिसतं.

“आता कुठं जाशील गं?” बाईंनी विचारलं.

“सांगते बाई. आधी ह्या वकिलाला भाईर काढा.”